माणसाळलेला बेडूक

आमच्या घरी बेडूक आहे असे सांगितले, की लोक माझ्याकडे सहानुभूतीने पाहतात. कोकणात पावसाळ्यात कुणाच्या घरी बेडूक नसतात? न्हाणीत असतात, हंड्यामागे असतात, अंधारात पाय टाकावा तिथे नेमके असतात. मास्तरांच्या घराची डागडुजी राहिली असावी, असे ऐकणाऱ्याला वाटते. मग मी खुलासा करतो, की तो शिरलेला नाही, आम्ही ठेवलेला आहे. त्यावर ती सहानुभूती जाते आणि तिच्या जागी दुसरेच काहीतरी येते.

दिवाळीत हा प्रसंग अधिक वेळा येतो. फराळाला आलेली मंडळी हातात चिवड्याची बशी घेऊन पडवीतल्या काचेच्या पेटीपाशी थबकतात. आत एक फुटकी कुंडी आडवी ठेवलेली असते आणि तिच्या तोंडाशी मातीच्या रंगाचे, अंगभर चामखिळी असलेले, टपोऱ्या सोनेरी डोळ्यांचे एक ध्यान बसलेले असते. "माणसाळलाय का हो?" असे कुणीतरी हमखास विचारते. प्रश्न अगदी साधा आहे. पण मला तो अजून बोचतो. कारण याच एका शब्दापायी दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात एक जीव गेला आणि दुसरा जाता जाता राहिला.

त्या वर्षी मृगाचा पाऊस वेळेवर आला. पहिल्याच रात्री आमच्या धाकट्या चिरंजीवांनी (वय वर्षे नऊ) तुळशीवृंदावनापाशी एक बेडूक पकडला. पुस्तकात या खरखरीत, कोरड्या कातडीच्या जातीला भेक म्हणतात; आमच्या गावात सगळेच बेडूक. शाळेच्या अडगळीत माशांची एक तडकलेली पेटी पडून होती. हेडमास्तरांना विचारून ती मी घरी आणली. पाण्याचे मासे तिच्यात राहिले नसते, पण जमिनीवरच्या प्राण्याला तिची तड आड येण्याचे कारण नव्हते.

मी शास्त्र शिकवीत नाही. मी मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे प्राणिशास्त्र मॅट्रिकच्या पुस्तकातल्या बेडकाच्या आकृतीपाशी संपले. त्या आकृतीत बेडूक उताणा होता, त्याचे पोट उघडलेले होते आणि प्रत्येक अवयवापासून एक बाण निघून समासात गेला होता. जिवंत बेडूक कसा बसतो, कसा पाहतो, आजारी पडला म्हणजे काय करतो, याविषयी त्यात एक ओळ नव्हती.

आमच्या पाहुण्याचे नाव 'रावसाहेब' ठेवले गेले. पेन्शनीत निघालेले एखादे गृहस्थ जेवण झाल्यावर ओटीवर बसावेत, तसा तो बसे. वाळवीचे किडे दिव्यावर आले, की आम्ही ते गोळा करून त्याच्यापुढे सोडत असू. जीभ कधी बाहेर आली आणि कधी आत गेली, हे चिरंजीवांना एकदाही दिसले नाही, आणि तेवढ्यासाठी त्याचा गृहपाठ रोज मागे पडत होता.

श्रावणात चिरंजीवांनी खाचरातून दुसरा एक बेडूक आणला. हिरवट, गुळगुळीत पाठीचा, चपळ. एकट्याला करमत नसेल, या सहृदय विचाराने आम्ही त्याला रावसाहेबांच्याच पेटीत सोडले. पहिले आठ दिवस तो पाहुणा काचेवर उड्या घेत राहिला. त्याचे नाकाड सोलवटले. मग हळूहळू उड्या थांबल्या. पंधरवड्याने तर तो हात लावला तरी हलेना. रावसाहेबही आता पळत नव्हते. तळहातावर घेतले तर डोळे अर्धवट मिटून निवांत बसत. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. "बघा," मी म्हणालो, "माणसाळले! प्रेमाला जनावरसुद्धा ओळखतं."

आमच्या हिने विळीवरून मान वर केली. "शाळेतलं पोर चार दिवस गप्प बसलं, की तुम्हाला वाटतं शिस्त लागली," ती म्हणाली. "ते घरी आलं म्हणजे कळतं, की त्याला ताप आहे."

मी हसण्यावारी नेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो हिरवा बेडूक पाण्याच्या ताटलीत मरून पडलेला होता. चिरंजीवांनी त्याला उलटा केला. मांड्यांची आतली बाजू आणि पोटाची खालची कातडी लालभडक झाली होती, जणू कुणी चटका दिला असावा. आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग मुलाने रावसाहेबांकडे पाहिले आणि म्हणाला, "बाबा, हापण चार दिवस जेवला नाहीये."

ती गोष्ट त्याने मला आधी का सांगितली नाही, हे मी विचारले नाही. माणसाळल्याच्या आनंदात मीच त्याला विचारले नव्हते.

तालुक्याला गुरांचा दवाखाना आहे. तिथले डॉक्टर दिवसभर गाईम्हशींत असतात. माझ्या डब्यात काय आहे हे पाहून ते हसतील, अशी मला धास्ती होती. ते हसले नाहीत. हात धुतले, पुन्हा नुसत्या पाण्याने धुतले, ओल्या हाताने रावसाहेबांना उचलून टेबलावर उताणे घातले आणि घड्याळाकडे पाहिले. "धडधाकट बेडूक क्षणात पालथा होतो," ते म्हणाले. "उताणं राहणं त्याला परवडत नाही." रावसाहेब कितीतरी वेळ तसेच पडून राहिले. मग कसेबसे वळले. मला माझी मॅट्रिकची आकृती आठवली.

"किती दिवस असा गप्प आहे?"

"माणसाळल्यापासून," असे शब्द माझ्या तोंडातून निघाले, आणि मी थांबलो.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला जे शिकवले, ते मी शाळेत कधी शिकलो नव्हतो. रानातला प्राणी दुखणे लपवतो; लंगडणारा आधी खाल्ला जातो, हे त्याच्या रक्तातच असते. बेडकाला तर कण्हता येत नाही, लाळ गळत नाही, कान पाडून दाखवायला कानही नाहीत. म्हणून त्याच्या वागण्यातला बदल हेच त्याचे कण्हणे. रात्री हिंडणारा दिवसा उघड्यावर बसू लागला, सारखा पाण्यातच बसून राहिला, डोळे अर्धे मिटले, समोरच्या किड्याकडे पाहीनासा झाला, कंबरेची हाडे वर दिसू लागली, कात वरचेवर आणि तुकड्यातुकड्यांनी निघू लागली, अंग पाणी भरल्यासारखे फुगले, जखमेवर कापसासारखा पुंजका आला, की समजावे. आणि पोट वा मांड्या लाल झाल्या म्हणजे फार उशीर झाला असे समजावे. त्या लालीला 'लाल पाय' असेच नाव आहे. बहुधा ती एरोमोनास जातीच्या जंतूंनी येते. हे जंतू डबक्यात असतात, धडधाकट बेडकाच्या पोटातही असतात, आणि निमूट राहतात. बेडूक भेदरला, उपाशी राहिला, घाणीत कोंडला गेला, की ते रक्तात शिरतात.

"म्हणजे तो आजार खाचरातून आला नाही?" मी विचारले.

"जंतू खाचरातून आले असतील. आजार पेटीत झाला."

मग त्यांनी आमच्या घरची चौकशी सुरू केली, आणि एकेक उत्तर देताना मी खाली पाहू लागलो. पाणी कुठले घालता? नळाचे. नळाला पाणी ग्रामपंचायतीच्या टाकीतून येते, आणि टाकीत टीसीएल पावडर पडते. ती आपल्या पोटाला चांगली. "बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, मास्तर. पोटाखालच्या, मांड्यांजवळच्या कातडीनं पितो. श्वासही थोडाफार कातडीनं घेतो. तुम्ही त्याला रोज औषधी पाण्यात बसवत होता." हाताळतो कोण? मुलगा. संध्याकाळी हाताला काय लावतो? डासांचे मलम. डॉक्टर काही बोलले नाहीत. बोलण्याची गरज नव्हती.

शेवटी त्यांनी डब्याच्या तळाची थोडी विष्ठा काचेच्या पट्टीवर घेतली. शेण तपासायचे सूक्ष्मदर्शक यंत्र होते. त्यात त्यांनी मलाही पाहू दिले. प्रकाशाच्या गोल चकतीत बारीक दोऱ्यासारखे काहीतरी वळवळत होते. रानातल्या भेकाच्या फुप्फुसात हे कृमी अनेकदा असतात. त्यांची पिल्ले विष्ठेतून बाहेर पडतात, मातीत वाढतात आणि कातडीतून पुन्हा बेडकात शिरतात. रानात बेडूक आज इथे तर उद्या तिथे. त्याने टाकलेले कृमी त्यालाच पुन्हा भेटण्याचा योग थोडा. पण हातभर पेटीत त्याच मातीवर महिनाभर बसवला, की दहाचे शंभर होतात. म्हणजे रानात जे दुखणे पाचवीला पुजलेले पण सोसण्यासारखे होते, ते आमच्या पाहुणचाराने जिवावर आले होते.

कृमींवर औषध होते, पण ते मापाचे होते. म्हशीचे औषध मोजणाऱ्या माणसाला बेडकाचा हिशेब धोक्याचा वाटला. त्यांनी जिल्ह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "वजन किती?" दवाखान्यातल्या काट्यावर वासरू उभे राहत असे, त्यावर रावसाहेब शून्य भरले.

अशा रीतीने मी आमच्या पेठेतल्या सोनाराच्या दुकानी गेलो. लग्नसराई नव्हती, दुकान रिकामे होते. सोनारअण्णांनी आधी रिकाम्या डब्याचे वजन घेतले, मग रावसाहेबांसकट घेतले, आणि कागदावर दागिन्याची नोंद करावी तशी नोंद केली: ३१ ग्रॅम. "तीन तोळ्यांवर एक ग्रॅम," ते म्हणाले. "मास्तर, यात घट किती धरायची?" सोनाराचा नेहमीचाच विनोद, पण त्या दिवशी तो माझ्या वर्मी लागला. कारण घट किती झाली हे मला ठाऊक नव्हते. आणला त्या दिवशी वजन करावे, हे सुचलेच नव्हते. प्राण्याने काही सांगितले नाही, तरी काटा आधी सांगतो. पण त्याला पहिला आकडा माहीत असावा लागतो.

त्यानंतरचे दीड महिने आमच्या घरात एक रुग्णालय चालले. रावसाहेबांना एका वेगळ्या, स्वच्छ डब्यात ठेवले. माती काढून टाकली आणि ओला, कोरा कागद अंथरला. तो रोज बदलायचा, म्हणजे विष्ठाही दिसते आणि कृमींना वाढायला माती मिळत नाही. नळाचे पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडे ठेवायचे, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो, आणि मगच वापरायचे. डबा उन्हापासून दूर, अर्धा कापडाने झाकलेला, आत लपायला जागा. घडोघडी उचलून पाहायचे नाही. हे शेवटचे सर्वांत अवघड होते. आम्हांला प्रेम म्हणजे उचलून घेणे एवढेच माहीत होते. इथे प्रेम म्हणजे हात आवरणे होते. औषधाचे थेंब डॉक्टर स्वतः देत, आणि त्यासाठी मी ठरलेल्या दिवशी एसटीने तालुक्याला जात असे. कंडक्टरने एकदा डब्याकडे बोट करून "काय, लाडू?" म्हणून विचारले. मी हो म्हणालो.

हात धुण्याचा नियम दोन्ही बाजूंचा होता. उचलण्याआधी धुवायचे ते त्याच्यासाठी, आणि साबणाचा अंशही राहू द्यायचा नाही. ठेवल्यावर साबणाने धुवायचे ते आपल्यासाठी. भेकाच्या डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींतून विषारी चीक येतो, आणि बेडकांच्या अंगावर माणसाचे पोट बिघडवणारे जंतूही असतात. आमच्या हिने त्या डब्यासाठी वेगळी ताटली, वेगळे फडके काढून दिले आणि ती स्वयंपाकघरात दिसली तर बेडकासकट मला बाहेर काढीन, असे जाहीर केले.

वजने भिंतीवरच्या कॅलेंडरवर चढू लागली. पहिल्या आठवड्यात ३०. माझे मन मोडले. मग ३१. मग ३३. भाद्रपद संपता संपता चिरंजीव ओरडत आला: रावसाहेबांनी नाकतोडा गिळला होता. नवरात्रात ३९ भरले. आणि कोजागिरीच्या सुमारास एका सकाळी कागद बदलायला मी त्यांना उचलले, तर ते टम्म फुगले, मागच्या पायांनी माझ्या बोटांना असा हिसका दिला की मी चमकलो, आणि माझ्या तळहातावर सगळे पाणी सोडून खाली उडी मारून कपाटामागे पळाले. मी ओल्या हाताने तसाच उभा राहिलो. इतके निर्भेळ सुख मला माझ्या पहिल्या कादंबरीची छापील प्रत हातात आली तेव्हाही झाले नव्हते. ते मला घाबरले होते. ते बरे झाले होते.

आता सोडून द्यायचे, हे सर्वांनी गृहीत धरले होते. चिरंजीवाने मुहूर्तही काढला: नरकचतुर्दशी, पहाटे, पहिल्या आंघोळीनंतर. मी डॉक्टरांना ही शुभवार्ता कळवायला फोन केला. त्यांनी बाईंशी बोलायला सांगितले.

बाई सगळे शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, "मास्तर, तो बरा झालाय, हे दिसतंय. त्याच्या अंगावर काय आहे, ते दिसत नाही."

मग त्यांनी मला कायट्रिड नावाच्या बुरशीविषयी सांगितले. ती बेडकाच्या कातडीतच राहते. कातडीतून क्षारांची जी ये-जा चालते ती बिघडवते, आणि शेवटी हृदय थांबते. ऑस्ट्रेलियात आणि मध्य अमेरिकेत ओढेच्या ओढे मुके होत गेले. त्यामागे ही बुरशी आहे, हे १९९८ मध्ये उघड झाले. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरचा हिशेब मांडला, तेव्हा या एका बुरशीने निदान ५०१ जातींची संख्या घटवल्याचे आणि त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात असे आढळले. आपल्या सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती सापडली आहे. तसे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिकडच्यासारखा संहार इकडे दिसलेला नाही. पण काही बेडूक स्वतः आजारी न पडता ती अंगावर वागवतात, आणि माणूस त्यांना एका पाण्यातून उचलून दुसऱ्या पाण्यात सोडतो. "तुम्ही खाचरातला बेडूक आणि अंगणातला भेक एका पेटीत ठेवलात. त्यांतला एक मेला. कशानं मेला, याची तपासणी झालेली नाही. आता वाचलेला तुम्ही तुमच्या ओढ्यावर सोडणार?"

आमच्या घरामागून ओढा जातो. आषाढात त्याच्या काठी इतके बेडूक ओरडतात, की घरात बोलणे ऐकू येत नाही.

रान्यांना रानातच राहू द्यावे, हा पहिला नियम होता, आणि तो आम्ही मोडला होता. काही जातींचे बेडूक तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. त्यांना हात लावणे हा गुन्हाच. पण उचललेला प्राणी परत ठेवला, की हिशेब मिटला, असे मी समजत होतो. तसे नसते. पुस्तकाचे पान दुमडून पुन्हा सरळ केले तरी घडी राहतेच. बाईंनी पुढच्या गोष्टी सांगितल्या: पेटीतली जुनी माती आणि पाणी ओढ्यात किंवा गटारात टाकू नका, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भांडी निर्जंतुक करा, खळखळून धुवा, कडक उन्हात वाळवा. ज्या पावडरीने आमचा बेडूक पोळला होता, तीच आता ओढ्याचे रक्षण करणार होती.

हे सगळे मुलाला सांगायचे काम माझ्याकडे आले. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून, नवा सदरा घालून तो पेटीपाशी येऊन उभा होता. मी सांगितले. तो रडला नाही. बराच वेळ काचेकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे मी त्याला पकडलं त्या दिवशीच त्याचं घर गेलं." मी काही बोललो नाही. बाहेर फटाके वाजू लागले होते.

तेव्हापासून रावसाहेब आमच्याकडे आहेत. जपून ठेवला तर भेक दहा वर्षांपर्यंत जगतो म्हणतात; म्हणजे चिरंजीव कॉलेजात जाईल तेव्हाही त्यांच्यासाठी नाकतोडे शोधावे लागणार. तो ते करतो, न सांगता. दर महिन्याला सोनारअण्णांकडे जातो. आता वजन ४६ ग्रॅमवर ठरले आहे. अण्णा घटीचा विनोद करीत नाहीत. चोपडीत एक पान रावसाहेबांच्या नावाचे आहे.

माझ्यापुरते म्हणाल, तर शाळेतही थोडा फरक पडला. आठवीत एक मुलगी मागच्या बाकावर वर्षभर इतकी शांत बसे, की तिचे उदाहरण मी इतरांना देत असे. गेल्या वर्षी एकदा सहज तिच्या बाकापाशी जाऊन विचारले. तिला फळ्यावरचे अक्षर दिसतच नव्हते. आता तिला चष्मा आहे, आणि ती वर्गात इतकी बडबडते की मला छडीची आठवण येते.

पहिल्या पावसाच्या रात्री मात्र घर जड होते. बाहेर ओढ्यावर नर ओरडू लागतात, आणि मग पडवीतून, काचेआडून, रावसाहेब गळा फुगवून त्यांना साद घालतात. रात्रभर. त्यांच्याकडे कुणी येणार नसते. चिरंजीव अंथरुणात जागा असतो, मीही असतो. आम्ही एकमेकांशी बोलत नाही.

यंदाही दिवाळीत पणत्या लागल्या, की त्यांच्या उजेडाला किडे येतील आणि किड्यांमागे अंगणातले दोन-चार भेक पायरीशी येऊन बसतील. मुलगा त्यांना ओलांडून जपून चालेल. वाकून पाहील, उचलणार नाही. पाहुण्यांपैकी कुणीतरी चिवडा खात पेटीपाशी थांबेल, काचेवर टिचकी मारील आणि रावसाहेब दचकून कुंडीत शिरतील.

"हे काय मास्तर? दोन वर्षं झाली, अजून माणसाळला नाही?"

"नाही," मी सांगेन. "देवाच्या दयेनं अजून नाही."